खार पकडायची की भोक बुजवायचं?

न्यूजर्सी, पेनसिल्व्हेनिया किंवा टोरोंटोच्या उपनगरात घर घेतलेल्या मराठी माणसाला एखाद्या थंड सकाळी डोक्यावर धावपळ ऐकू येते. आधी उंदरांचा संशय येतो. मग छतावरून काहीतरी टणक गडगडत गेल्याचा आवाज होतो. ते बहुधा ओकचं फळ असतं. दोनचार दिवसांत छपराच्या कडेला एक झुपकेदार शेपटी आत शिरताना दिसते आणि उलगडा होतो: अ‍ॅटिकमध्ये, म्हणजे आपल्या पोटमाळ्यावर, खार राहायला आली आहे.

त्यानंतर सल्ल्यांना तोटा नसतो. एकजण म्हणतो, पिंजरा लाव आणि लांबच्या जंगलात सोडून ये. दुसरा डांबरगोळ्या पसरायला सांगतो. तिसऱ्याने अल्ट्रासोनिक यंत्र आधीच मागवलेलं असतं. चौथा म्हणतो, राहू दे बिचारीला, थंडी संपली की जाईल. चारही सल्ले चांगल्या मनाने दिलेले असतात आणि चारही वाईट असतात. गेल्या काही दशकांत या प्रश्नावर झालेलं संशोधन, निरनिराळ्या ठिकाणचे कायदे आणि छपरावर चढून काम करणाऱ्या लोकांचा अनुभव एकत्र पाहिला, तर एकच गोष्ट पुन्हा पुन्हा समोर येते. खारीवर केलेले उपाय फसतात आणि घरावर केलेले टिकतात. त्यातही घरावरचा उपाय कोणत्या महिन्यात केला, यावर निम्मं यश ठरतं.

आधी प्राणी कोणता ते पाहू. अमेरिकेच्या पूर्व भागातल्या घरांत शिरते ती मुख्यतः करडी खार. वजन साधारण ४०० ते ६०० ग्रॅम, म्हणजे आपल्या अंगणातल्या पट्टेवाल्या खारीच्या चौपट-पाचपट. ती दिवसा वावरते, त्यामुळे आवाज पहाटे आणि संध्याकाळी अंधार पडायच्या आधी येतात. मध्यरात्री हलकी सरसर ऐकू येत असेल तर ती उडती खार असू शकते. ती जेमतेम ५० ते ८० ग्रॅमची असते, निशाचर असते आणि हिवाळ्यात टोळीने एकत्र राहते. रात्री जड पावलं वाजत असतील तर रकून समजावा. वटवाघळं निघाली तर प्रश्नच बदलतो, कारण त्यांच्याबाबत रेबीजची भीती खरी आहे आणि अनेक राज्यांत पिल्लांच्या मोसमात त्यांना बाहेर काढायला मनाई आहे. म्हणून आवाज कधी येतो हे चार दिवस टिपून ठेवल्याखेरीज कोणालाही फोन करू नये. फोन केला की माणूस येतो, आणि आलेला माणूस बहुधा त्याच्या गाडीत असेल तोच उपाय विकतो.

ही खार घरात का येते? जुन्या झाडाच्या ढोलीत तिला जे हवं असतं, ते सगळं पोटमाळ्यावर मिळतं: कोरडी जागा, एकच अरुंद वाट, मऊ अंथरूण आणि वर छप्पर. उपनगर वसवताना पोकळ, वाळकी झाडं धोकादायक म्हणून आधी तोडली जातात, तर ओक आणि हिकरी शोभेसाठी राखली जातात. अन्न ठेवायचं आणि घर काढून घ्यायचं, असा हा व्यवहार आहे. त्यात अमेरिकी घराची बांधणी लाकडी सांगाड्याची. छपराच्या कडेची फळी, म्हणजे फेशिया, आणि वरचं प्लायवूड यांच्यामध्ये नव्या घरातही बांधकामाची फट राहून जाते. खारीला पाऊण काम झालेलं मिळतं, उरलेलं ती दातांनी करते.

शहरी खार ही निसर्गाने माणसावर लादलेली नाही, हेही इथे सांगायला हवं. वसाहतींच्या काळात ती पिकांची शत्रू होती. १७४९ मध्ये पेनसिल्व्हेनियात मारलेल्या प्रत्येक खारीमागे तीन पेन्स इनाम होतं. शंभर वर्षांनी हवा बदलली. १८४७ मध्ये फिलाडेल्फियाच्या फ्रँकलिन स्क्वेअरमध्ये तीन खारी मुद्दाम सोडल्या गेल्या. त्यांना खाऊ आणि राहायला खोकी दिली गेली. बोस्टन आणि न्यू हेवन यांनी तोच कित्ता गिरवला. बागेत खारीला दाणे घालणं म्हणजे मुलांवर दयेचा संस्कार, असं त्या काळातले लोक मानत. २०१८ मध्ये न्यूयॉर्कच्या सेंट्रल पार्कमध्ये स्वयंसेवकांनी खारींची शिरगणती केली, तेव्हा अंदाज निघाला २,३७३. आज पोटमाळ्यावर जी नांदते आहे, ती या पाहुणचाराचीच वंशज आहे.

नुकसान किती होतं, याबद्दल दोन टोकांची मतं ऐकू येतात. ‘काही होत नाही’ म्हणणाऱ्यांनी खारीच्या दातांकडे पाहावं. तिचे पुढचे दात जन्मभर वाढत राहतात, त्यामुळे कुरतडणं ही तिची गरज असते. लाकूड, प्लॅस्टिकचे व्हेंट, छपरावरच्या पाइपांभोवतीचं शिसं, आणि सर्वांत वाईट म्हणजे विजेच्या तारांवरचं आवरण, काहीही तिला चालतं. अमेरिकी पोटमाळ्यात तारा लोखंडी नळीतून न नेता बहुतेक वेळा नुसत्या प्लॅस्टिक आवरणात टाकलेल्या असतात आणि त्यांच्या आजूबाजूला कोरडं लाकूड असतं. उघडी पडलेली तार आग लावू शकते. घराबाहेरचा एक किस्सा प्रसिद्ध आहे: डिसेंबर १९८७ मध्ये कनेक्टिकटमध्ये एका खारीने वीजपुरवठ्यात बिघाड केला आणि नॅसडॅक शेअर बाजाराचे व्यवहार ८२ मिनिटं बंद पडले. १९९४ मध्ये दुसऱ्या खारीने तेच केलं.

दुसऱ्या टोकाला घाबरवणारे आहेत, त्यात जाहिरातदार बरेच. खारीमुळे रेबीज होतो, हे त्यांचं आवडतं वाक्य. अमेरिकेच्या रोगनियंत्रण केंद्राच्या म्हणण्यानुसार खार, उंदीर अशा लहान कुरतडणाऱ्या प्राण्यांत रेबीज जवळपास आढळत नाही, आणि त्यांच्याकडून माणसाला तो झाल्याची तिथे नोंद नाही. चावली तर डॉक्टरकडे जावंच, पण रात्रीची झोप उडवून घेण्याचं कारण नाही. खिशाला लागणारी गोष्ट वेगळी आहे. अमेरिकेतली नेहमीची गृहविमा पॉलिसी पक्षी, उंदीर-खारीसारखे प्राणी आणि कीटक यांनी केलेलं नुकसान स्पष्टपणे वगळते. त्यातून आग लागली तर आगीची भरपाई सहसा मिळते. कुरतडलेल्या छपराची मिळत नाही. ‘राहू दे बिचारीला’ या सल्ल्याचा हिशोब इथे चुकतो.

आता महिन्यांकडे वळू. माझ्या मते या प्रश्नाची किल्ली तिथेच आहे. करडी खार वर्षातून दोनदा विते: हिवाळ्याच्या अखेरीला, म्हणजे फेब्रुवारी ते एप्रिल, आणि पुन्हा जुलै ते सप्टेंबर. गर्भारपण सुमारे ४४ दिवसांचं असतं. एका वेळी साधारण दोन ते चार पिल्लं होतात, जन्मतः आंधळी आणि उघडीनागडी. डोळे उघडायलाच त्यांना चारपाच आठवडे लागतात, आणि स्वतःच्या पायांवर भोकातून बाहेर पडायला दहा-बारा आठवडे. घरात शिरणाऱ्या खारींपैकी अनेक याच कारणासाठी शिरतात, त्यामुळे एप्रिलात आवाज सुरू झाला तर वर एक नव्हे, चारपाच जीव आहेत असं धरून चालावं.

अशा वेळी घाईने भोक बुजवलं तर दोनपैकी एक गोष्ट होते. आई बाहेर अडकली तर ती पिल्लांसाठी छपराला दुसरं भोक पाडते, तेही वेड्यासारखं, शिंगल्स उचकटून. तेही जमलं नाही, तर पिल्लं आत मरतात आणि पुढचे काही आठवडे घरभर वास आणि माश्या. आई आत अडकली तर बाहेर पडण्यासाठी ती सापडेल ते कुरतडते, प्रसंगी भिंतीतून खाली खोलीत येते. म्हणजे माणुसकीचा विचार बाजूला ठेवला तरी पिल्लांच्या मोसमातली घाई तोट्याचीच. मोकळे महिने दोन वेळा येतात. पहिला काळ जूनच्या आसपास, थोडाच. आणि दुसरा, अधिक भरवशाचा, नोव्हेंबरच्या मध्यापासून पुढे, कडाक्याची थंडी पडण्याआधी. ज्याला हे माहीत आहे तो फेब्रुवारी येईपर्यंत थांबत नाही.

थांबणं शक्यच नसेल, उदाहरणार्थ घरात तान्हं मूल झोपतं त्याच खोलीवर गोंधळ चालू असेल, तर आईला आपणहून हलायला लावता येतं. खारीचं आणखी एखादं घरटं झाडावर असतं, आणि जागा धोक्याची वाटली तर ती पिल्लांना एकेक करून मानगुटीला धरून तिकडे नेते. दिवसा पोटमाळ्यावर दिवा लावून ठेवणं, बोलण्याचे कार्यक्रम असलेला रेडिओ लावणं, घरट्याजवळ अधूनमधून जाणं, इतकं कधी कधी पुरतं. मात्र भोक उघडं ठेवून तिला दोनतीन दिवस द्यायला हवेत. पिल्लं हाती लागलीच, तर ती उबदार खोक्यात भोकापाशी ठेवली की आई नेते. आई आलीच नाही तर परवानाधारक वन्यजीव पुनर्वसन केंद्राला कळवावं.

पिंजऱ्याबद्दल सविस्तर लिहायला हवं, कारण आपल्या लोकांचा ओढा त्याच्याकडे असतो. मारायचं नाही, त्रासही नको, मग लांब नेऊन सोडू. हा विचार आपल्याला घरचा वाटतो. उंदीर पिंजऱ्यात धरून गावाबाहेर सोडणाऱ्यांची आपल्याकडे मोठी परंपरा आहे. खारीच्या बाबतीत या पुण्याचं काय होतं, ते अमेरिकेतल्या मेरीलँड राज्यात तपासलं गेलं. उपनगरातल्या ३८ प्रौढ करड्या खारींना रेडिओ पट्टे लावून मोठ्या जंगलात सोडण्यात आलं. २००४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या या अभ्यासानुसार ८८ दिवसांत त्यांपैकी ९७ टक्के एकतर मेल्या किंवा त्या जागेतून नाहीशा झाल्या. कारण उघड आहे. खार शरद ऋतूत शेकडो ठिकाणी फळं पुरून ठेवते आणि हिवाळाभर त्या आठवणीवर जगते. नव्या जंगलात तिचं कोठार नसतं, लपायची जागा ठाऊक नसते, आणि तिथल्या खारी तिला थारा देत नाहीत. उन्हाळ्यात पकडलेली मादी असेल तर तिची पिल्लं मागे घरातच उपाशी मरतात. गाडी चालवत घरी परतणाऱ्या माणसाला यातलं काहीच दिसत नाही, म्हणून त्याचं समाधान टिकून राहतं.

कायदाही या पुण्यकर्माच्या आड येतो आणि ठिकाणागणिक बदलतो. मॅसॅच्युसेट्समध्ये वन्य प्राणी पकडून दुसरीकडे नेऊन सोडणं बेकायदा आहे. कॅनडातल्या ओंटारियोत पकडलेला प्राणी २४ तासांत, पकडलेल्या जागेपासून एक किलोमीटरच्या आत सोडावा लागतो. खारीला एक किलोमीटर म्हणजे काय हे ज्याने पाहिलं आहे, त्याला हा नियम प्राण्याच्या बाजूने का आहे ते कळेल: ती परत येणार, आणि म्हणून तुम्ही भोकाकडे लक्ष देणार. पिंजऱ्याचा खरा दोष तर आणखी साधा आहे. भोक उघडं राहिलं तर पकडलेल्या खारीच्या जागी दुसरी येते, कारण जुनीचा वास तिला जागा सुरक्षित असल्याचं सांगतो. प्राण्यामागे पैसे आकारणाऱ्या कंत्राटदाराला यात तक्रार करण्यासारखं काही नसतं.

इंग्लंडचं चित्र याच्या उलट आहे. करडी खार तिथली नव्हेच. १८७६ मध्ये चेशायरमधल्या हेन्बरी पार्कमध्ये ती हौसेने सोडली गेली, आणि १८९० मध्ये वोबर्नच्या उद्यानात आणलेल्या दहा खारी तर न्यूजर्सीहूनच आल्या होत्या. आज ब्रिटनमध्ये करड्या खारी सुमारे २७ लाख, तर मूळची तांबडी खार तीन लाखांहून कमी असा अंदाज आहे. करडीने आणलेल्या देवीसारख्या रोगाने तांबडी मरते. त्यामुळे तिथे पकडलेली करडी खार पुन्हा सोडणं हाच गुन्हा आहे. पकडली तर तिला कमीत कमी वेदना देऊन मारावं लागतं, आणि तसं केलं नाही तरी गुन्हा: २०१० मध्ये बर्टन-ऑन-ट्रेंट इथल्या एका घरमालकाने पिंजऱ्यातली खार पाण्यात बुडवून मारली, तर न्यायालयाने त्याला दोषी धरून खटल्याचा दीड हजार पौंडांहून अधिक खर्च भरायला लावला. लंडनमध्ये किंवा लेस्टरमध्ये राहणाऱ्या मराठी माणसाने म्हणूनच पिंजरा विकत घेण्याआधी, पकडलेल्या खारीचं आपण काय करणार आहोत, याचं उत्तर स्वतःला द्यावं. ते देता येत नसेल तर पिंजरा घेऊ नये.

विषाबद्दल फार बोलण्याची गरज नाही. खार विष खाऊन भिंतीच्या पोकळीत मरते, आणि मग भिंत फोडावी लागते. शेजाऱ्याचं मांजर किंवा एखादा ससाणाही त्यात जाऊ शकतो.

वास आणि आवाजाचे उपाय स्वस्त आहेत, म्हणून खपतात. डांबरगोळ्यांचं घ्या. अमेरिकेत त्यांचं लेबल फक्त कपड्यांतल्या कसरीसाठी, बंद डब्यात वापरण्यापुरतं असतं. लेबलाबाहेर वापर करणं संघराज्याच्या कायद्याविरुद्ध आहे. हवेशीर पोटमाळ्यावर त्यांचा वास खारीला पळवण्याइतका साचत नाही, पण खालच्या झोपण्याच्या खोलीत मात्र उतरतो. अमोनियाचंही तेच. अल्ट्रासोनिक यंत्रांबाबत तर अमेरिकेच्या फेडरल ट्रेड कमिशनने २००१ मध्ये साठहून अधिक उत्पादक आणि विक्रेत्यांना ताकीद दिली होती, की शास्त्रीय पुराव्याशिवाय असे दावे करू नका. यंत्रं अजून विकली जातात. मिरचीचा अर्क मात्र पक्ष्यांच्या दाण्यांत कामाचा आहे, कारण पक्ष्यांना तिखट कळत नाही आणि खारीला कळतं. पण त्याने दाण्यांचा डबा वाचतो, पोटमाळा नाही.

उरतो तो एकदिशा दरवाजा आणि बंदिस्ती. कल्पना सोपी आहे. भोकावर एक नळी किंवा जाळीचा डबा बसवतात, त्याच्या बाहेरच्या तोंडाला स्प्रिंगची झडप. खार ढकलून बाहेर जाऊ शकते, परत येऊ शकत नाही. पण हा दरवाजा म्हणजे कामाचा शेवटचा टप्पा, पहिला नव्हे. आधी संपूर्ण छप्पर पाहून बाकीच्या सगळ्या फटी बंद करायच्या असतात: छपराच्या पोटाखालची सॉफिट, त्रिकोणी भिंतीतले व्हेंट, धुराडं, पाइपांभोवतीच्या जागा, दोन छपरं मिळतात ते कोपरे. दीड इंचाची फट करड्या खारीला पुरते, आणि अंगठाभर फट उडत्या खारीला. तिथे हार्डवेअर क्लॉथ म्हणून मिळणारी अर्ध्या इंची चौकड्यांची गॅल्व्हनाइज्ड जाळी किंवा पत्रा स्क्रूने बसवावा. स्प्रे फोम भरणं म्हणजे खारीला नाश्ता ठेवणं. उडती खार असेल तर पाव इंची जाळी हवी.

दरवाजा चांगल्या हवेच्या दिवसांत बसवून आठवडाभर ठेवावा. आत कोणी उरलं नाही याची खातरजमा करायची एक जुनी युक्ती आहे: भोकात वर्तमानपत्राचा बोळा सैलसर कोंबायचा. दोनतीन दिवस तो हलला नाही, तर आत कोणी नाही. मगच दरवाजा काढून ते शेवटचं भोक पत्र्याने बंद करावं. छपरापासून दोन-अडीच मीटरच्या आतल्या फांद्या तोडाव्यात. खार याहून लांबही झेप घेते, पण रस्ता जितका अवघड तितकी ती शेजारचं झाड पसंत करते. कुरतडलेल्या तारांसाठी इलेक्ट्रिशियनला बोलवावं, त्यात काटकसर नको. तंतूंचं उष्णतारोधक आवरण मात्र पूर्ण बदलायला सांगणाऱ्याला ‘का?’ असं नक्की विचारावं. घरट्याभोवतीचं घाण झालेलं तेवढं, मास्क घालून, ओलं करून काढलं तरी बऱ्याचदा काम भागतं.

टाउनहाउस किंवा कॉन्डो असेल तर छप्पर बहुतेक वेळा असोसिएशनच्या ताब्यात असतं. मग पैसे खर्च करण्याआधी त्यांना लेखी कळवावं आणि उत्तर येईपर्यंत फोटो काढत राहावं. भाड्याच्या घरात हे काम घरमालकाचं.

कोकणातल्या कौलारू घरांत माळ्यावर काय काय राहतं हे कोणी मोजत नाही, पण तिथे पावसाळ्याआधी शाकारणी होते. माणूस दरवर्षी छपरावर चढतो, कौलं परततो, फुटकी बदलतो, आणि घराची वरची बाजू वर्षातून एकदा तरी कोणाच्या तरी डोळ्यांखालून जाते. अमेरिकी छप्पर वीस-पंचवीस वर्षं टिकेल अशा हमीने मिळतं आणि तेवढी वर्षं कोणी वर पाहतही नाही. खारीने भोक पाडायला सुरुवात केल्यापासून ती आत विते तोपर्यंत कित्येक आठवडे जातात, आणि त्या काळात अंगणात उभं राहून दुर्बिणीने छपराची कड पाहिली असती तरी फळीवरचं ताजं, पिवळसर लाकूड दिसलं असतं.

दाणे घालायची हौस असेल तर ती घरापासून लांबच्या कोपऱ्यात भागवा, आणि दिवाळीचे कंदील उतरवले की त्याच आठवड्यात घराभोवती एक फेरी मारा. फट दिसली तर जाळी लावा. आवाज एप्रिलात सुरू झाला असेल तर जूनपर्यंत थांबा.